प्रतिनिधिगृह आणि सिनेट: अमेरिकी काँग्रेसची दोन सभागृहे

अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असतात आणि राज्यांच्या वाट्याच्या जागा लोकसंख्येनुसार ठरतात. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाला दोनच जागा मिळतात. १७८७ च्या घटना परिषदेत झालेल्या तडजोडीतून ही रचना आली. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, तर वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास भरली. प्रतिनिधिगृहात त्यांना अनुक्रमे ५२ आणि १ जागा मिळाली, सिनेटमध्ये दोघांचे बळ सारखेच राहिले. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे, हे आठवले की हा फरक नीट उमगतो.

प्रतिनिधींची मुदत दोन वर्षांची, सिनेटरांची सहा. करविषयक विधेयके प्रतिनिधिगृहातच मांडावी लागतात. न्यायाधीशांच्या नेमणुकांना मंजुरी सिनेट देते.

खरा फरक कामकाजात दिसतो. प्रतिनिधिगृहात चर्चेचा वेळ बहुधा आधीच ठरतो आणि साधे बहुमत पुरते, तर सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवायला आज ६० मते लागतात. १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाला विरोध म्हणून सिनेटर स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटे बोलत राहिले. विधेयक तरीही मंजूर झाले. अल्पमताला आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळालीच पाहिजे, परंतु त्या संधीचा उपयोग कृष्णवर्णीयांचे हक्क अडवून धरण्यासाठी दीर्घकाळ झाला, म्हणून या बाबतीत मला प्रतिनिधिगृहाची पद्धत अधिक न्याय्य वाटते.