वेनामी घ्यावी की समुद्राची कोळंबी? पुण्यात बसून ठरवणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शनिवार आला की हा वाद ठरलेला, एक पार्टी म्हणते वेनामी (म्हणजे तळ्यात वाढवलेली कोळंबी) घ्या, सोललेली मिळते, बारा महिने मिळते, दुसरी म्हणते त्याला कसली चव, सकाळी उठून गणेश पेठेतला मासळी बाजार गाठा, समुद्राची आणा. मी दोन्ही खातो त्यामुळे दोन्हीकडून शिव्या.

चवीचं पटकन सांगतो. वेनामी एका साइजची, गोडसर, बिर्याणीला किंवा फ्रायला मस्त. कालवणात मात्र समुद्राचीच, रश्शाला वास उतरतो तो हिचाच. खिशाला वेनामी सोपी, विषय संपला.

खरा फरक ती खाते काय इथे आहे. वेनामी मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्याकडे २००९ पासून परवानगी, पिकते सगळ्यात जास्त आंध्रात. किलोभर वेनामी वाढवायला साधारण सव्वा ते दीड किलो खाद्य जातं, त्यात सोया असतो तसं फिशमील म्हणजे वाळवून दळलेली मासळीही असते, आणि एक किलो फिशमील करायला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही मासळी म्हणजे मुख्यतः तारली, गरिबाचा मासा! ती उचलतात पर्ससीनवाले, थव्याभोवती गोल जाळं टाकायचं, खालून दोरी आवळायची, की अख्खा थवा पिशवीत.

यात कोळंबीवाल्या छोट्या होडीचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण तो माणूस नुसत्या कोळंबीवर जगत नाही, कोळंबी लागली नाही त्या दिवशी तारली-बांगड्यावर निदान डिझेलचे पैसे सुटतात, आणि मोठी बोट किनाऱ्याजवळ घुसली की तेही जातात. म्हणून तर २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. अमेरिकेत लुइझियानात पण हेच भांडण, तिथे तारलीचा भाऊबंद मेनहेडन, तोही फिशमीललाच जातो.

अर्थात सगळं खापर पर्ससीनवर फोडू नका. केरळात २०१२ ला जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ ला साडेतीन हजार टनसुद्धा नाही, त्यात पाऊस, समुद्राचं तापमान, एल निनो या सगळ्याचा हात आहे.

आणि समुद्राची म्हणजे पुण्याची असंही नाही हं (पुण्यात राहून हा विनोद करायलाच हवा). ट्रॉलर तळ खरवडत कोळंबी काढतो, सोबत ढीगभर पिल्लं येतात, आणि तीच बारीक मासळी परत फिशमीलच्या कारखान्यात, म्हणजे फिरून तिथेच आलो.

माझं गणित असं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा बिनधास्त वेनामी. पार्टीला वीस माणसं असतील तरी वेनामीच, उगाच कर्ज काढू नका. एरवी घरच्या चार माणसांना मोठ्या कोळंबीचा हट्ट सोडून करंदी किंवा जवळा घ्या, आणि ट्रॉलरची की होडीची ते विचारा. मासळीवाल्या मावशी आधी तोंडाकडे बघतात, मागच्या रविवारी मात्र एकीने मागच्या टोपलीतून करंदी काढली, म्हणाली ही अलिबागकडची, डोल जाळ्याची (प्रवाहात एका जागी बांधून ठेवतात ते पिशवीसारखं जाळं). घेतली. निवडायला दीड तास लागला.