"एकही कोड नाही साहेब" म्हणून विकलेली गाडी

जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलात आणि विकणाऱ्याने स्वतःहून स्कॅनर लावून "बघा साहेब, एकही कोड नाही" असं दाखवलं (कोड म्हणजे ईसीयूने, इंजिनच्या कंप्युटरने, नोंदवलेला बिघाड) तर खूश होऊ नका, त्याला शेजारचा स्क्रीन उघडायला सांगा, रेडिनेस मॉनिटरवाला, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या टेस्ट पूर्ण झाल्यात का ते दाखवणारा. मला विकलेली गाडी या एका स्क्रीनवर पकडता आली असती, आणि पुढे जे झालं त्यात पैसे गेले ते गेलेच पण डोक्याला ताप किती झाला ते विचारू नका.

गाडी बऱ्यापैकी जुनी, पण बॉडी चांगली, इंजिनचा आवाज नाही, पिकअप ठीक. विकणारा जुन्या गाड्यांचाच धंदा करणारा माणूस, बोलायला गोड. चावी फिरवली की चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्टार्ट केल्यावर गेला, म्हणजे बल्ब काढलेला नाही एवढं तरी बघून झालं. (काही महाभाग बल्बच काढतात, आणि त्याहून हुशार असतात ते त्या दिव्याची वायर ऑईल प्रेशरच्या दिव्याला जोडून टाकतात, म्हणजे स्टार्ट केल्यावर दोन्ही एकदम विझतात आणि बघणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं. म्हणून दोन्ही दिवे अगदी एका क्षणाला जातात का ते बघा.) त्याने स्कॅनर लावला, रिपोर्ट काढला, स्टोअर्ड कोड शून्य, पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड शून्य. मी रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये घेतला. हा फोटो पुढे फार कामाला आला.

काही दिवसांनी हायवेवर दिवा लागला. फोन केला तर म्हणे "पेट्रोल खराब भरलं असेल साहेब, टाकी संपवा, आपोआप जाईल". टाकी संपली, दिवा काही गेला नाही. मग म्हणे "सेन्सर असेल, आमच्या ओळखीच्या गॅरेजला जा, मी सांगतो त्याला, सांभाळून घेईल". सांभाळून घेतलं खरं, फक्त कुणाला ते नंतर कळलं.

कोड होता पी0420. जुन्या गाड्यांमध्ये कायम भेटणारा कोड आहे हा, आणि याच्या नावावर सगळ्यात जास्त पार्ट उगाच बदलले जातात असं माझं मत झालंय. अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (एक्झॉस्ट पाइपमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काम ठरलेल्या पातळीच्या खाली गेलंय असं ईसीयूला वाटतंय. "वाटतंय" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ईसीयू कन्व्हर्टरच्या आत डोकावून बघत नाही, तो फक्त दोन ऑक्सिजन सेन्सरची तुलना करतो. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टच्या मध्ये सारखा वरखाली होत असतो (नव्या प्रकारच्या एअर फ्युएल सेन्सरचं रीडिंग वेगळं असतं, ते सोडा), आणि कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो म्हणून मागचा सेन्सर 0.6-0.7 च्या आसपास बराचसा शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की ईसीयू म्हणतो कन्व्हर्टर गेला. पण तो का गेला, खरंच गेला का, की सेन्सरपर्यंत चुकीचा गॅस पोचतोय, हे त्या कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते शोधायलाच मेकॅनिक लागतो.

त्या ओळखीच्या गॅरेजने काय शोधलं? काही नाही. आधी कोड पुसला. परत आला. मग म्हणे मागचा सेन्सर गेलाय, नवीन टाकला असं सांगितलं, बिलावर तसं लिहिलं, आणि खरंच दिवा गेला. बरेच दिवस गेला. मी खूश. मग परत आला तेव्हा तोच माणूस चेहरा पाडून म्हणतो "आता कन्व्हर्टरच गेलाय साहेब, बदलावाच लागेल, यात सगळ्यात महाग पार्ट तोच असतो". बदलला. जुना पार्ट दाखवला लांबूनच, खाली फरशीवर पडलेला, "हा बघा, आतून जळलाय" म्हणून बाजूला सरकवला. आणि काही महिन्यांनी तोच कोड. तोच पी0420, नवीन कन्व्हर्टरवर!

आता त्याची थिअरी अशी की "ईसीयू जुना झालाय, प्रोग्रामिंग करून मागचा सेन्सर बंद करून टाकू, परत दिवा लागणारच नाही". इथे मी गाडी काढून घेतली. हे प्रोग्रामिंग म्हणजे आजार बरा न करता थर्मामीटर फोडण्यातला प्रकार आहे, गाडी धूर तसाच सोडणार, फक्त सांगणार नाही. आणि चाचणीच्या वेळी नीट बघणारा कुणी असेल तर स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटरच गायब दिसतो तेव्हा वेगळीच पंचाईत.

मग एका ओळखीच्याने दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवलं. वयस्कर माणूस, बोलणं कमी. त्याने पहिल्यांदा कोड पुसला नाही, ही एकच गोष्ट बघून मला बरं वाटलं. त्याने फ्रीझ फ्रेम बघितली (कोड आला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान, फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय की कमी करतोय ते, हे सगळं ईसीयूने साठवलेलं असतं, आणि कोड पुसला की तेही जातं, म्हणजे आधीच्या गॅरेजने दर वेळी पुरावाच पुसला होता). मग लाइव्ह डेटा. आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम +19, आणि 2500 आरपीएमला धरून ठेवलं की +5 वर यायचा. म्हणजे ईसीयू आयडलला पेट्रोल खूप वाढवतोय, त्याला वाटतंय मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

इथे कुणीही म्हणेल की इनटेकमध्ये हवा लीक आहे, कारण आकडे अगदी तसेच दिसतात. त्याने इनटेकमध्ये स्मोक मशीनने धूर सोडून बघितला, कुठूनच आला नाही. मग त्याने सायलेन्सरला गॅस अ‍ॅनालायझर लावला आणि तिथे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त. आता हे दोन आकडे एकत्र बसत नाहीत. खरोखर लीन असतं आणि ईसीयूने पेट्रोल वाढवून बरोबरीला आणलं असतं तर सीओ नॉर्मल यायला हवा होता. सीओ जास्त म्हणजे इंजिन प्रत्यक्षात रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालतंय, पुढच्या सेन्सरला मात्र लीन दिसतंय. म्हणजे सेन्सरपर्यंत पोचायच्या आधी एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा घुसतेय. आयडलला एक्झॉस्टच्या झटक्यांच्या मधल्या क्षणात पाइपमधलं प्रेशर खाली जातं आणि भेगेतून हवा आत ओढली जाते, स्पीड वाढला की गॅसचा जोर वाढतो आणि हा परिणाम कमी होतो, म्हणून +19 चा +5 व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी स्टार्ट केली तर बारीक टिक-टिक आवाज, गरम झाल्यावर गायब. गाडी बघताना हा आवाज मला आला नव्हता कारण विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवलेली होती. (गाडी बघायला जाताना बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर का गरम आहे ते विचारा.) एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, काढलं आणि खाली काय, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लांब तडा, आणि त्या तड्यावर बोटाने थापलेली राखाडी एक्झॉस्ट पेस्ट, वरून सिल्व्हर रंग मारलेला. पेस्ट जागोजागी उडालेली आणि तिथे काजळीचे काळे फटकारे. पेस्टमध्ये बोटाचे ठसे अजून दिसत होते! म्हणजे तडा कुणाला तरी माहीत होता, हीट शील्ड काढून कुणीतरी तो लिंपला होता आणि मग शील्ड परत बसवून माझ्या गळ्यात गाडी मारली.

पुढे मागचा सेन्सर काढला तर तो पाइपमध्ये नीट बसलेलाच नव्हता, मध्ये एक स्टीलची नळी, स्पेसर म्हणतात त्याला. यामुळे सेन्सर गॅसच्या मुख्य प्रवाहातून बाहेर ओढला जातो, त्याला बदल उशिरा आणि कमी दिसतात, त्याचं रीडिंग शांत होतं आणि ईसीयूला वाटतं कन्व्हर्टर छान आहे. आणि बिलावर "नवीन" म्हणून लावलेला सेन्सर? त्यावरची तारीख गाडीच्याच वयाची, आटे गंजलेले. म्हणजे नवीन सेन्सरचे पैसे घेऊन नळी बसवली.

कन्व्हर्टरचं तर विचारूच नका. जुना ओरिजिनल होता, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो आणि भंगारातसुद्धा त्याला चांगला भाव येतो, अगदी जळलेला असला तरी. त्या जागी बसवलेला हलका, नंबर-बिंबर काही नाही, आतला थर पातळ. असला पार्ट निरोगी इंजिनवर जरा दिवस काढतो, पण माझं इंजिन कायम रिच चालत होतं आणि तड्यातून हवा आत येत होती, न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही कन्व्हर्टरमध्ये एकत्र जळून तो आतून भाजत होता. जुना कन्व्हर्टर याच कारणाने गेला आणि नवीनही त्याच कारणाने गेला. कारण न शोधता तिसरा टाकला असता तर तोही गेला असता.

काम झालं ते या क्रमाने, आधी मॅनिफोल्ड बदलला, गॅस्केट नवीन, मग ट्रिम बघितला, आयडलला +3 वर आला, मग मिसफायर नाही ना ते बघितलं, सीओ खाली आला, आणि सगळ्यात शेवटी चांगला कन्व्हर्टर, कारण तो हलका पार्ट तोपर्यंत संपलेलाच होता. महागातला पार्ट सगळ्यात शेवटी, हे त्या म्हाताऱ्या मेकॅनिकने दोनदा बोलून दाखवलं.

आता तो फोटो. मेकॅनिकला सहज दाखवला तर तो हसला. रिपोर्टवर वर मोठ्या अक्षरात कोड शून्य, आणि खाली बारीक अक्षरात कॅटॅलिस्ट मॉनिटर अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सर मॉनिटर अपूर्ण, इव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) अपूर्ण, आणि कोड क्लिअर केल्यापासून चाललेलं अंतर 9 किमी. नऊ किलोमीटर! कोड पुसला की ईसीयूच्या सगळ्या टेस्ट परत शून्यापासून सुरू होतात. पी0420 सारख्या कोडला टेस्ट आधी पूर्ण व्हावी लागते आणि सहसा लागोपाठच्या दोन ड्राइव्हमध्ये नापास झाल्यावरच दिवा लागतो. विकणाऱ्याला ती मधली फट पुरते. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं, म्हणून घड्याळ चुकीच्या वेळेवर असेल तर त्याचाही विचार करा.

हे बघायला महागडं मशीन लागत नाही, स्टिअरिंगखालच्या 16 पिनच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाईल पुरतो. अमेरिकेत 1996 पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून हे सक्तीचं झालं, त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांतही मिळेल. सगळे मॉनिटर पूर्ण आहेत का, कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर आणि वॉर्म-अप (इंजिन थंडपासून गरम किती वेळा झालं) किती, एवढं बघा. एखादा इव्हॅप मॉनिटर अपूर्ण असला तर लगेच संशय घेऊ नका, तो टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी असली तरी चालत नाही. पण सगळेच अपूर्ण आणि अंतर दोन आकडीही नाही म्हणजे कालच पुसलंय. त्यातल्या त्यात नव्या गाड्यांत पर्मनंट कोडही असतात, ते स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाहीत, ईसीयूची स्वतःची टेस्ट पास झाली तरच जातात, ते वेगळ्या मेनूत असतात, तिथेही बघा. आणि स्कॅनर तुमचा लावा, त्याचा नको. "आमच्या गॅरेजने आधीच तपासलंय" म्हणणाऱ्यालाही लावा.

विकणाऱ्याला फोटो आणि पेस्टचे फोटो पाठवल्यावर आधी म्हणाला "गाडी आहे तशी घेतली असं लिहून दिलंय तुम्ही". मग बोटाचे ठसे दिसणारा फोटो पाठवला, तेव्हा मॅनिफोल्डचे पैसे दिले, बाकीच्याला हात वर. गॅरेजवाल्याने सेन्सरचे पैसे परत केले, ते पण "मुलाने चुकून नळी लावली असेल" असं म्हणत. जुना ओरिजिनल कन्व्हर्टर मागितला तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला, कुठला भंगारवाला ते आठवत नाही, आणि बिलावर फक्त "एक्झॉस्ट काम" एवढंच लिहिलेलं असल्याने माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तुमच्यावर कन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर गाडी वर उचलल्यावर आधी त्यावरच्या नंबरचा फोटो काढा आणि काम सुरू व्हायच्या आधी बिलावर "जुना पार्ट ग्राहकाला परत" असं लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर केली तर गाडी तिथून तशीच काढा.