ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी, माझा रिव्ह्यू

ऑपरेशन, केमो, रेडिएशन याबद्दल सगळे भरभरून सांगतात, पण हाताचं काय होतं ते कोणी बोलतच नाही, म्हणून मी जाते त्या फिजिओ सेंटरबद्दल मुद्दाम लिहितेय. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो, आणि रेडिएशनला हात डोक्याच्या वर धरून पडून राहावं लागतं, म्हणजे खांदा वेळेत मोकळा झाला नाही तर पुढची ट्रीटमेंटच अडते.

इथल्या मॅडमनी आधी मसाज नाही की मशीन नाही, टेप काढली आणि दोन्ही हात मनगटापासून वर ठरावीक अंतरावर मोजून वहीत लिहून ठेवले. दोन हातांच्या मापात २ सेंमी किंवा जास्त फरक आला की लिम्फेडेमाची, म्हणजे गाठी काढल्यावर हातात पाणी साचून येणाऱ्या सुजेची, शंका घेतात, आणि सूज लवकर सापडली तर आटोक्यात ठेवणं सोपं जातं. खरं तर हे माप ऑपरेशनच्या आधीच घ्यायला हवं, सर्जननी तेव्हाच फिजिओकडे पाठवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या काखेतून कोपरापर्यंत सुतळीसारखी ताठ दोरी दिसायला लागली होती, हात बाजूला नेला की ओढ बसायची, मी जाम घाबरले की परत काही आलं का. मॅडम म्हणाल्या, "ताई, याला कॉर्डिंग म्हणतात, बऱ्याच जणींना होतं, ताण देत राहिलं की सुटतं." आणि खरंच हळूहळू सुटलं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पोचला तिथे पेन्सिलने खूण करायची, काठी दोन्ही हातांनी धरून उचलायची, असा घरचा व्यायाम नीट करून दाखवतात, आणि पुढच्या वेळी करून घेतात.

आणि हो, "त्या हाताने आयुष्यभर काही उचलू नका" हे इथे कोणी सांगत नाही. हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत नेलं तर लिम्फेडेमा वाढत नाही, हे २००९ च्या अभ्यासात दिसलंय, फक्त ते देखरेखीखाली करायचं.

खटकलं ते एवढंच की दोन बेडच्या मध्ये नुसता पडदा आहे, छातीवरचा व्रण दाखवताना खूप अवघडल्यासारखं होतं, बंद खोली हवीच. सूज उतरवायचा खास मसाज पण एकट्या मॅडमनाच येतो, त्या रजेवर असल्या की थांबावं लागतं.

जाणार असाल तर पुढून बटणं असलेला कुडता घाला, आणि स्लीव्ह, म्हणजे सुजेसाठी हातावर चढवायची घट्ट बाही, अंदाजाने विकत आणू नका, इथे माप देऊनच घ्या.