गिट: घरात वाघ, नेटवर्कवर शेळी

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं टूल, मी रोज वापरतो. कमिट (बदलांच्या नोंदी), ब्रांच, डिफ, अख्खा इतिहास, सगळं आपल्याच डिस्कवर असतं, त्यामुळे नेट गेलं तरी हात थांबत नाहीत. इथवर पाचापैकी पाच.

मग परवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सव्वा जीबीचा एक जुना रेपो (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) क्लोन करायला, म्हणजे सर्व्हरवरून अख्खा उतरवायला घेतला. 'रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स' ७१ टक्क्यांवर जाऊन थबकलं. एरर नाही, इशारा नाही. वीस मिनिटांनी बघतो तर आकडा ७१च! कंट्रोल-सी मारून परत सुरू केलं, तर पुन्हा शून्यापासून. पुढच्या खेपेला ९३ टक्क्यांवर 'अर्ली ईओएफ', म्हणजे डेटा मधेच संपल्याची एरर. त्याआधीचा सगळा डेटा पाण्यात.

कारण कळलं तरी राग जात नाही. सर्व्हर बहुतेकदा पॅक फाइल, म्हणजे सगळ्या डेटाचं गाठोडं, मागणी आल्यावर बांधतो. पुढच्या वेळी ती बाइटन् बाइट तशीच निघेल याची हमी नाही. मग अर्धवट आलेली फाइल जोडायची कशाला? गिट ती टाकून देतं.

बरं, निदान लवकर हार तरी मानावी! तेही आपणच सांगावं लागतं. 'एचटीटीपी डॉट लोस्पीडलिमिट' आणि 'लोस्पीडटाइम' या सेटिंग मुळात बंदच असतात. मी १००० आणि ६० ठेवल्यात: सेकंदाला हजार बाइटपेक्षा कमी वेग साठ सेकंद राहिला की जोडणी तुटते. फार कडक ठेवू नका, सर्व्हर पॅक बांधत असतो तेव्हा तारेवरून जवळपास काहीच येत नाही. एसएसएचला (सर्व्हरशी जोडणीचा दुसरा मार्ग) या सेटिंग लागू नाहीत. तिथे 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' ३० केलं, म्हणजे सर्व्हर गप्प असला तर दर तीस सेकंदांनी त्याला हाक जाते आणि तीन हाका वाया गेल्या की साधारण दीड मिनिटात सुटका. आणि तो 'पोस्टबफर ५०० एमबी करा' हा सल्ला जो तो देतो, तो पुश करताना डेटा पाठवण्यासाठीचा आहे. क्लोनला त्याचा शून्य उपयोग.

शेवटी कामाला आलं ते 'डेप्थ १', म्हणजे फक्त शेवटची कमिट मागवणारा क्लोन. ताजा कोड दोन मिनिटांत आला, मग 'फेच डीपन २००' करत, म्हणजे दर हप्त्याला आणखी २०० कमिट मागवत, इतिहास मागे मागे ओढला. मधे एक हप्ता तुटला, पण तेवढाच गेला. आधीचे जागेवर होते.

इथे म्हाताऱ्या सबव्हर्जनची, गिटच्या आधीच्या तशाच टूलची, आठवण आली. तिथे चेकआउट (फाइल उतरवणं) मधेच तुटलं तर 'क्लीनअप' मारून 'अपडेट' करायचं, आलेल्या फाइल तशाच राहतात. लोक हसतात त्याला, हसू देत.

नेटवर्कपुरते गिटला पाचापैकी दोन. पुढचा मोठा रेपो मी सहकाऱ्याकडून 'गिट बंडल' करून मागवणार आहे. सगळ्या रेपोची एकच फाइल, तुटली तिथून पुढे उतरवता येते. तिच्यातून क्लोन, रिमोटचा पत्ता बदलून सर्व्हरचा द्यायचा आणि उरलेलं तिथून फेच.