रात्रीचं दूध सोडवायचं: थांबावं, हळूहळू कमी करावं की एकदम बंद?

रात्रीचं दूध बंद झालं की बाळ आपोआप रात्रभर झोपेल, अशी आशा बहुतेक आईबाबांना असते. पण रात्रीचं पिणं आणि रात्रीची जाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ६ ते १२ महिन्यांच्या बाळांच्या आयांकडून माहिती गोळा केली. दिवसा जास्त दूध किंवा जास्त वरचं अन्न घेणारी बाळं रात्री कमी पीत होती, पण जागी मात्र तितकीच होत होती. म्हणून आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: आपल्याला त्रास कशाचा होतोय, पाजण्याचा की जागण्याचा? कोणती पद्धत घ्यायची ते या उत्तरावर ठरतं.

जाग येणं तर नैसर्गिकच आहे. बाळाच्या झोपेची एक फेरी सुमारे ५० ते ६० मिनिटांची असते आणि फेरी संपली की ते थोडं चाळवतं. संध्याकाळी तोंडात दूध असतानाच डोळे मिटले असतील, तर मध्यरात्री चाळवल्यावरही त्याला तेच हवं असतं. पोट भरलेलं असलं तरी. उलट खरी भूक असेल, तर बाळ नेटाने घटाघट पितं, बराच वेळ पितं आणि मग शांत होतं. दोन-चार घोट घेऊन लगेच डोळे मिटणारं बाळ बहुधा झोपेसाठी आधार शोधत असतं. तीन-चार रात्री फक्त एवढंच पाहा आणि लिहून ठेवा: किती वाजता उठलं, किती मिनिटं किंवा किती मिली प्यायलं, त्यानंतर किती वेळ झोपलं.

वयाची अटही आधीच पाहून घ्या. पहिल्या काही महिन्यांत रात्रीचं दूध ही बाळाची गरज असते, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘रेझिंग चिल्ड्रन नेटवर्क’ या पालकांसाठीच्या संकेतस्थळाचा सल्ला मला पटतो. वाढ नीट होत असेल, तर फॉर्म्युला (डब्यातल्या पावडरचं दूध) पिणाऱ्या बाळाचं रात्रीचं दूध ६ महिन्यांनंतर आणि अंगावर पिणाऱ्याचं १२ महिन्यांनंतर कमी करण्याचा विचार करावा. वेळेआधी जन्मलेलं, वजन कमी भरणारं किंवा काही आजार असलेलं बाळ असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच बदलू नका.

थांबणं

सध्या काही न बदलता वाट पाहणं हा पर्याय कुणी पर्याय म्हणून मोजत नाही, पण तो पूर्णपणे योग्य असू शकतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६ महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग ६ तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं. रात्रभर झोपणाऱ्या आणि न झोपणाऱ्या बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासात मात्र फरक आढळला नाही. त्यामुळे ‘अजून झोपत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय’ ही भीती मनातून काढून टाका.

बाळ अंगावर पीत असेल आणि एक वर्षाच्या आत असेल, तर माझा कल थांबण्याकडेच आहे. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीच्या पाजण्याने दूध टिकतं. आई दिवसभर कामावर जात असेल, तर काही बाळं दिवसाची कसर रात्री भरून काढतात. अशा बाळाचं रात्रीचं दूध तोडलं, तर त्याच्या एकूण दुधालाच कात्री लागते. तिथे आधी दिवसाचं दूध वाढायला हवं.

पण थांबण्याचीही किंमत असते आणि ती आई मोजते. तिचं मन सतत उदास राहत असेल, तिला बाळ जवळ घेऊन सोफ्यावर डुलकी लागत असेल, गाडी चालवताना डोळे मिटत असतील, तर ‘अजून थोडं सोसू’ म्हणणं धोक्याचं आहे. सोफ्यावर बाळासकट झोप लागणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी सगळं दूध बंद करायची गरज नाही. एक पाजणं ठेवून बाकीची कमी केली, तरी आईला सलग चार-पाच तास मिळू शकतात. हा मधला मार्ग लोक फार लवकर सोडून देतात.

हळूहळू कमी करणं

फॉर्म्युला पिणाऱ्या बाळासाठी मी निःशंकपणे हीच पद्धत सुचवेन, कारण इथे मोजमाप हातात असतं. रात्रीची बाटली ६० मिली किंवा त्याहून कमी असेल, तर ती सरळ बंद करून बाळाला थोपटून झोपवता येतं. जास्त असेल, तर दर दुसऱ्या रात्री २० ते ३० मिलीने कमी करायची. म्हणजे १२० वर असलेलं बाळ १००, ८०, ६० करत साधारण आठवड्याभरात बाटलीवरून उतरतं. भूक हळूहळू दिवसाकडे सरकते, बाळाला धक्का बसत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: पावडर कमी करून पाणी वाढवणं. दूध पातळ केलं की बाळाला पोषण कमी पडतं आणि शरीरातल्या क्षारांचं संतुलन बिघडू शकतं. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवायचं, कमी करायचं ते एकूण दूध.

अंगावर पाजत असाल तर मिलीऐवजी मिनिटं मोजा. पाजणं पाच मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते थेट सोडता येतं. दहा मिनिटांचं असेल तर दर दुसऱ्या रात्री दोन-दोन मिनिटं कमी करा आणि उरलेला वेळ कुशीत घेऊन थोपटा. याचा आईला मोठा फायदा होतो. दूध हळूहळू आटतं, छाती दगडासारखी होत नाही, गाठी होऊन ताप येण्याची शक्यता कमी राहते.

सुरुवात बाळ सगळ्यात कमी पितं त्या वेळेपासून करा. पहाटे चार-पाचचं पाजणं शेवटी सोडवा, कारण तोवर बाळाची बरीचशी झोप झालेली असते आणि दुधाशिवाय पुन्हा झोप लागणं तेव्हा सगळ्यात अवघड जातं.

या पद्धतीची कमजोरी वर्षापुढच्या मुलांत दिसते. काही मुलांना अर्धवट पाजून बाजूला केलं की जास्तच राग येतो. त्यांना ‘आता दूध नाही, सकाळी’ असं स्पष्ट आणि रोज तसंच सांगितलेलं लवकर उमगतं.

आईऐवजी दुसऱ्याने उठणं

वर्ष उलटलेल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळासाठी मला ही पद्धत सगळ्यात चांगली वाटते. आई जवळ आली की बाळाला दुधाचा वास येतो, आणि ते दूध मागणारच. बाबा, आजी किंवा घरातलं कुणी दुसरं उठलं की ती अपेक्षाच कमी होते. बाळ रडतं, पहिल्या दोन-तीन रात्री बरंच रडतं, पण ते कुणाच्या तरी खांद्यावर रडतं. माझ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

अट एकच: ठरलेल्या माणसाने पूर्ण रात्र निभवायची. तासाभराने हार मानून आईला हाक मारली, तर पुरेसं रडलं की दूध मिळतं एवढंच बाळ शिकतं. आईने शक्यतो दुसऱ्या खोलीत झोपावं आणि छाती ताठली तर आराम पडेल एवढंच दूध हाताने काढावं, पूर्ण रिकामी करू नये. आणि अंगावरच्या दुधाऐवजी बाटली देऊन शांत करू नये, नाहीतर काही आठवड्यांनी ती बाटली सोडवावी लागेल. बाळाबरोबर एकटीच असलेल्या आईला हा पर्याय मिळत नाही. तिच्यासाठी मिनिटं कमी करणंच बरं.

एकदम बंद, आणि ठरावीक वेळाने डोकावणं

बॉस्टनचे बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये लोकप्रिय केलेली ही पद्धत: बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं, रडलं तर दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त मिनिटं थांबून आत जाऊन धीर द्यायचा, उचलायचं नाही. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ही रीत झोपेची सवय बदलण्यासाठी आहे, भूक मोडण्यासाठी नाही. रात्रीचं दूध हळूहळूच कमी करावं, असंच फर्बर यांचंही म्हणणं होतं.

या पद्धतीने बाळाच्या मनावर कायमचा घाव होतो का? ऑस्ट्रेलियात ७-८ महिन्यांच्या वयात अशा सौम्य पद्धती वापरलेल्या मुलांना ६ व्या वर्षी पुन्हा तपासलं गेलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भावना, वागणं, झोप आणि आईवडिलांशी नातं यांत इतर मुलांपेक्षा फरक दिसला नाही. नुकसान नाही, तसाच कायमचा फायदाही नाही. म्हणून ज्या घरात आज सगळे थकून कोलमडले आहेत, त्यांनी ती अपराधी न वाटता वापरावी. ज्यांना रडणं ऐकवत नाही, त्यांनी ‘भविष्यासाठी’ म्हणून स्वतःवर ही सक्ती करू नये.

रात्री दहा-अकराला, आपण झोपण्याआधी, झोपेतल्या बाळाला हलकेच पाजायचं असाही एक उपाय आहे. त्याने दूध बंद होत नाही, फक्त वेळ सरकते. काही घरांत एवढंच पुरतं. पाजताना बाळाचं डोकं उंच धरा आणि बाटली तोंडाशी टेकवून निघून जाऊ नका.

बाटलीत धान्याची पावडर घालणं, बाळाला बाटली घेऊन झोपू देणं, ६ महिन्यांच्या आत दुधाऐवजी पाणी देणं, हे पर्याय कितीही आग्रहाने सुचवले गेले तरी यादीतून काढून टाका. ठसका लागणं, दात किडणं आणि पोषण कमी पडणं हे त्यांचे धोके आहेत.

आईने स्वतःसाठी एक गोष्ट जाणून घ्यावी. बाळ ६ महिन्यांच्या आत असून पूर्णपणे अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल, तर पाजण्यामुळे गर्भधारणेपासून मिळणारं संरक्षण रात्रीचं अंतर ६ तासांच्या पुढे गेलं की भरवशाचं राहत नाही. रात्री कमी पाजायला लागताच गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी बोला.

पद्धत कोणतीही घ्या, बाळाला ताप असेल, नवीन माणूस सांभाळायला आला असेल किंवा प्रवास असेल, तेव्हा सुरू करू नका. मधेच आजारी पडलं तर निःसंकोच पाजा आणि बरं झाल्यावर पुन्हा सुरुवात करा. सुरू केल्यावर दिवसाच्या दुधावर आणि अन्नावर नजर ठेवा. रात्रीचं दूध कमी होऊनही दिवसाचं वाढत नसेल, ओल्या लंगोटांची संख्या आधीपेक्षा घटली असेल किंवा वजन थांबलं असेल, तर त्याच रात्रीपासून पाजणं परत सुरू करा आणि बाळाला डॉक्टरांकडे न्या.