ट्रेलरचा कोन दाखवणारा कॅमेरा: आठ महिने आणि एक पावसाळा

माझे दोन घोडे आहेत, म्हणजे कंटेनरचा ट्रेलर ओढणारी पुढची इंजिन-केबिनची गाडी. त्यातला एक मी स्वतः चालवतो. गाडी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर लागते. धंदा बहुतेक न्हावा शेवा बंदर ते भिवंडी, अधूनमधून शिवडी-कॉटन ग्रीनकडची जुनी गोदामं. जानेवारीच्या शेवटी केबिनच्या मागच्या बाजूला घोडा आणि ट्रेलर यांच्यामधला कोन मोजणारा कॅमेरा बसवला. सोबत डावा, उजवा आणि मागचा असे तीन कॅमेरे आणि 7 इंची स्क्रीन. वायरिंग धरून 46 हजार रुपये गेले. पावसाळा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आता सप्टेंबर संपताना लिहितोय.

ट्रेलर न चालवणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. पुढे जाताना ट्रेलर आपणहून घोड्यामागे सरळ होतो. रिव्हर्सला उलटं. दोन डिग्रीचा तिरपेपणा तसाच सोडला तर तो वाढत जातो, आणि एका हद्दीनंतर स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी ट्रेलर ऐकत नाही, गाडी पुढेच घ्यावी लागते. तरीही रेटलं तर बॉक्सचा, म्हणजे कंटेनरचा, कोपरा केबिनच्या पाठीला लागतो, हवेचे पाइप ताणले जातात. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं असेल तर खिडकीतून मान काढून सगळं दिसतं. डावीकडे न्यायचं असेल तर उजव्या आरशात रिकामा रस्ता आणि डाव्या आरशात नुसती बॉक्सची भिंत, मागचं टोक दिसतच नाही.

अशा वेळी क्लीनर मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' करतो. मागे म्हणजे ट्रेलर आणि गोदामाची भिंत यांच्या मधोमध. माझ्याकडचा पोरगा 19 वर्षांचा आहे. त्याला तिथं उभं करताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. कॅमेरा घेतला तो त्याच्यासाठी.

कॅमेरा घोड्यावर पक्का असतो, त्यामुळे ट्रेलर वळला की त्याची पुढची कड चित्रात सरकते आणि फिरते. त्यावरून स्क्रीनला जोडलेलं यंत्र कोन काढतं. पण त्याला ओळखायला ठळक खूण लागते. अमेरिकेत फोर्डने 2016 च्या एफ-150 पिकअपला जी सोय दिली, तिच्यातही ट्रेलरवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं स्टिकर लावावं लागायचं आणि मागचा कॅमेरा त्यावर नजर ठेवायचा. आमच्या धंद्यात इथेच गोची होते. फिटरने स्टिकर थेट कंटेनरच्या पुढच्या भिंतीवर चिकटवलं! पहिल्याच फेरीत बॉक्स बंदरात उतरला, स्टिकर त्याच्याबरोबर गेलं. कंटेनर दर फेरीला बदलतो, हे ट्रेलरला कॅमेरा बसवणाऱ्या माणसाला सांगावं लागतं याचा मला खरंच राग आला. खूण ट्रेलरच्या चासीवर, पुढच्या आडव्या बीमवरच हवी. मी पत्र्याची प्लेट रंगवून रिव्हेटने बसवली, ती आजही आहे.

आकडा खरा किती, हेही मी तपासलं. एका रविवारी टर्मिनलवर जागा रिकामी होती. सुतळी धरून घोड्याच्या कडेची रेघ खडूने जमिनीवर काढली, ट्रेलरच्या कडेची दुसरी, आणि मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मधला कोन मोजला. सरळ उभी असताना स्क्रीनवर 0. मोजलेल्या 20 ला स्क्रीन 21 दाखवत होती, 45 ला 48. म्हणजे कोन वाढला की तो थोडा जास्त सांगतो. माझ्या मते चूक व्हायचीच तर ती याच बाजूला व्हावी.

किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणारी पिन) मधल्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर मात्र सेटिंगमध्ये बरोबर भरा. 40 फुटी ट्रेलर आळशी असतो, हळू वळतो आणि चूक सुधारायला वेळ देतो. 20 फुटी चटकन दुमडतो. मार्चमध्ये मी छोटा ट्रेलर जोडला आणि सेटिंग लांबवालंच राहिलं. इशाऱ्याची शिट्टी वाजेपर्यंत ट्रेलर हाताबाहेर गेला होता. नुकसान काही झालं नाही, गाडी पुढे घेऊन परत लावली, पण तेव्हापासून ट्रेलर बदलला की आधी सेटिंग बदलतो.

दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे आमचं अर्धं काम रात्रीचं. रात्री कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे समोरच्या पांढऱ्या बॉक्सवर आपटून परत येतात आणि चित्र दुधासारखं होतं. कोन गायब. मी ते दिवे बंद करून केबिनमागे साधा पिवळा दिवा खाली तोंड करून लावला, तेव्हा काम झालं.

जुलैत खरी परीक्षा झाली. थेंब काचेवर बसतात ते पुसता येतात, पण चाकांनी उडवलेला चिखल खुणेच्या प्लेटवर बसला की आकडा उड्या मारतो, 5 वरून एकदम 17. आता क्लीनर रिव्हर्सच्या आधी प्लेटवर फडका मारतो. बंदराच्या खाऱ्या हवेने मागच्या कॅमेऱ्याचा जोड दोनदा हिरवा पडला. घोडा आणि ट्रेलर यांच्यामधला तो जोड रोज काढघालीचा, तोच सगळ्यात कच्चा. ग्रीस आणि रबरी टोपी, दुसरा इलाज नाही. तारेविना चालणारा कॅमेरा घेऊ नका. त्याचं चित्र अर्धा सेकंद जरी मागे राहिलं तरी रिव्हर्सला तेवढ्यात ट्रेलर हातभर सरकतो.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की घोडा-ट्रेलर दुमडतात, त्यात याचा काही उपयोग नाही. ते निमिषात होतं. तिथं टायर, ब्रेक आणि वेग हेच बघावं लागतं.

माझ्या दुसऱ्या गाडीवरचे मामा 30 वर्षं ट्रेलर चालवतायत. 'आकडा बघू की आरसा?' असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मीही सुरुवातीला स्क्रीनला चिकटून बसायचो आणि वरच्या छज्ज्याकडे लक्ष नसायचं. आता आकडा फक्त पहिल्या दोन-तीन मीटरला बघतो. चूक तिथेच जन्मते, 8-10 डिग्रीवर पकडली तर चाक थोडं फिरवून सुटते. नंतर आरसे आणि बाजूचे कॅमेरे. भिवंडीच्या एका गाळ्यात डावीकडून लावायला पूर्वी चार-पाच वेळा पुढे-मागे करावं लागे, आता बहुतेकदा दोनदा.

पोरगा आता केबिनच्या डाव्या खिडकीपाशी, मला दिसेल असा उभा राहतो आणि वरच्या तारा, छज्जे बघतो. भिंत आणि ट्रेलर यांच्या मध्ये त्याला फेब्रुवारीनंतर एकदाही पाठवलेलं नाही. मामांनी परवा विचारलं, त्यांच्या गाडीला कधी बसवणार. दिवाळीच्या आधी बसवतोय, आणि त्या ट्रेलरची प्लेट आजच रंगवून वाळत ठेवली आहे.