पझल पार्किंग: अकरा महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

नवीन टॉवरमध्ये राहायला येऊन आम्हाला अकरा महिने झाले. ओळखीतले जे कोणी सध्या फ्लॅट बघतायत ते सगळे मला एकच विचारतात: ते मशीनचं पार्किंग कसं आहे, त्रास होतो का? फोनवर दर वेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत. मशीन चांगलं आहे. गाडी सुरक्षित राहते, सावलीत राहते, आणि अकरा महिन्यांत माझ्या गाडीला एकही ओरखडा आलेला नाही. आधीच्या भाड्याच्या घरी रस्त्यावर गाडी लावायचो, तिथे दोन वेळा आरसा तुटला होता. पण पार्किंग मिळालं म्हणजे गाडीची सोय झाली, असं कोणी समजू नये. गाडी किती मिनिटांत बाहेर येते आणि त्याच मशीनवर आणखी किती घरं अवलंबून आहेत, हे घर घ्यायच्या आधी कळायला हवं. मला ते ताबा घेतल्यावर कळलं. करारात ‘एक कव्हर्ड कार पार्किंग’ एवढंच लिहिलं होतं. ती जागा म्हणजे जमिनीपासून तिसऱ्या थरावरचा लोखंडी पत्रा आहे, हे चावी हातात आल्यावर समजलं. बिल्डरच्या माणसाने ते आपणहून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लहानपणी पंधरा ठोकळ्यांचं एक कोडं असायचं, एक घर रिकामं आणि बाकीचे ठोकळे सरकवत आकडे लावायचे. हे तसंच आहे. आमच्या मशीनमध्ये चार उभ्या रांगा आणि तीन थर आहेत, म्हणजे बारा चौकोन. पण गाड्या दहाच मावतात, कारण खालच्या आणि मधल्या थरात एकेक चौकोन रिकामा ठेवावा लागतो. जमिनीवरचे पॅलेट, म्हणजे गाडी उभी राहते ते लोखंडी पत्रे, फक्त डावीउजवीकडे सरकतात. सगळ्यात वरचे फक्त वरखाली होतात. मधले दोन्ही करतात. सुरुवातीला माझा नंबर वरच्या थरात होता. कार्ड दाखवलं की आधी मधले आणि खालचे पॅलेट बाजूला होतात, माझ्या रांगेखाली मोकळी वाट तयार होते, मग माझा पॅलेट साखळ्यांवरून खाली येतो.

खालच्या थरात ज्यांची जागा आहे त्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. दार उघडलं की ते सरळ निघतात. कागदावर मात्र त्यांचं आणि माझं पार्किंग एकच.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत सकाळी इतका उशीर व्हायला लागला की मी एक वही केली. तीन आठवडे रोज वेळ लिहिली. वरच्या थरातली गाडी काढायला, कार्ड दाखवल्यापासून दार पुन्हा बंद होईपर्यंत, दोन ते अडीच मिनिटं लागतात. खालच्या थरातली एका मिनिटाच्या आत निघते. अडीच मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण आमच्या मशीनवरच्या दहापैकी सात घरांना सव्वाआठ ते नऊच्या दरम्यानच निघायचं असतं. एका मशीनवर एका वेळी एकच काम होतं. माझी गाडी गेली तरी माझा रिकामा पॅलेट परत वर गेल्याशिवाय खालचे सरकू शकत नाहीत. तुमच्या पुढे चार जण असतील तर आठ-दहा मिनिटं उभं राहावंच लागतं. त्यात कुणी कार्ड दाखवून ‘डबा राहिला’ म्हणून वर घरी गेलं, की सगळ्यांचं गणित चुकतं.

यावर आम्ही जो तोडगा काढला तो खरंच उपयोगी पडला. दहा घरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि रात्री झोपण्याआधी प्रत्येकाने उद्याची निघायची वेळ टाकायची, एवढंच ठरवलं. मग दोघं आपणहून दहा मिनिटं अलीकडे सरकले, एकीने मुलाला शाळेच्या बसला लावलं. रांग संपली नाही, पण कुणाच्या पुढे कोण, यावरून होणारी भांडणं संपली. ज्या मशीनवर लोक एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे काय होतं ते शेजारच्या मशीनपाशी रोज ऐकू येतं.

आता एका रात्रीबद्दल. पाचव्या महिन्यात एकदा पहाटे साडेतीनला सासूबाईंना धाप लागली. नवरा त्यांना घेऊन लिफ्टने येत होता, मी पुढे धावत जाऊन कार्ड दाखवलं. पॅलेट निम्म्यापर्यंत खाली आला आणि थांबला. पॅनलवर लाल दिवा. ऑपरेटर रात्री अकरानंतर नसतो. वॉचमनदादांनी हेल्पलाइनचा नंबर दिला, तो कुणी उचलला नाही. माझ्या डोक्यावर माझी गाडी लटकत होती आणि मी तिच्याकडे नुसती बघत उभी होते. शेवटी तळमजल्यावर उघडी जागा असलेल्या एका काकांना उठवलं. ते तसेच पायजम्यावर आले आणि आम्हाला हॉस्पिटलला सोडलं. सासूबाई आता बऱ्या आहेत.

सकाळी मेकॅनिक आला तेव्हा कळलं की दोष मोठा नव्हता. पुढच्या बाजूला दोन्ही खांबांवर फोटोसेन्सर असतात, त्यांच्यामध्ये अदृश्य किरणाची एक रेघ असते. ती रेघ तुटली की कुणीतरी माणूस आत आहे असं समजून मशीन थांबतं. त्या रात्री वाऱ्याने उडालेली एक प्लास्टिकची पिशवी खांबाला चिकटली होती. मशीनने जे करायला हवं होतं तेच केलं. मी सेन्सरला दोष देत नाही, एखादं मूल आत शिरलं तर तोच वाचवणार आहे. दोष हा की रात्री ती पिशवी ओळखणारं तिथे कुणी नव्हतं आणि आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर कमिटीने मेकॅनिककडून सगळ्या वॉचमनना दोन तास शिकवून घेतलं: सेन्सर कुठे आहेत, ते कसे पुसायचे, लाल बटण दाबल्यावर मशीन पुन्हा कसं चालू करायचं, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. शिवाय आमच्या मशीनवर खालच्या थरातल्या एका कुटुंबाने आपली जागा आमच्याशी बदलून घेतली. घरात आजारी माणूस आहे म्हणून. हे त्यांनी आम्ही न मागता केलं, त्याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यामुळे गेले सहा महिने माझी गाडी खाली असते. वरच्या थराबद्दल जे लिहिलंय ते पहिल्या पाच महिन्यांचं.

रोजच्या वापरात ज्या गोष्टींची सवय व्हावी लागते त्याही सांगते. गाडी रिव्हर्समध्ये चढवायची, म्हणजे सकाळी तोंड बाहेर असतं. पॅलेटच्या मधोमध एक उंचवटा असतो आणि दोन्ही बाजूंना चाकांसाठी पन्हळीसारखी वाट. मागची चाकं शेवटच्या आडव्या पट्टीला टेकली की हलकासा धक्का बसतो, तिथे थांबायचं. त्याच्याही मागे रेटलं तर बंपर बाहेर राहतो आणि सेन्सर मशीन चालू होऊ देत नाही. गिअर, हँडब्रेक, आरसे मिटलेले, डिकी बंद, आणि गाडीत कुणीही नाही. लहान मुलांना उतरवून आधी पिवळ्या रेघेच्या बाहेर उभं करायचं आणि मगच कार्ड दाखवायचं. यात मी घरच्यांनाही सूट देत नाही.

वरच्या गाडीतून खालच्या गाडीवर ठिबकतं, हे खरं आहे. पॅलेटच्या कडेला पाणी अडवणारी पट्टी असते, पण पावसातून आलेली गाडी वर गेली की थोडं गळतंच. आमच्या बॉनेटवर दोनदा काळे थेंब पडले. ते साखळीच्या ग्रीसचे होते, ओल्या फडक्याने न घासता आधी मऊ कापडाने टिपून घेतले तर डाग राहत नाही. पॅलेटवर गाडी धुवायची नाही, असा नियम आता केलाय.

गाडी बदलायचा विचार असेल तर आधी मशीनची पाटी वाचा. प्रत्येक पॅलेटला उंचीची, लांबीची आणि वजनाची मर्यादा असते. उंच एसयूव्हीवर कॅरिअर लावला की आमच्या मधल्या थरात ती बसत नाही, एका शेजाऱ्यांनी नवीन गाडी घेऊन आणल्यावर हे लक्षात आलं. इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रश्न वेगळाच. बॅटरीमुळे त्या तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बऱ्याच जड असतात, आणि सरकत्या पॅलेटपर्यंत चार्जिंगची वायर न्यायची तर मशीनमध्येच तशी सोय असावी लागते. आमच्याकडे नाही. पाहुण्यांच्या जागेत एकच चार्जर आहे आणि त्यावर चार गाड्या.

आणि आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती. आमची गल्ली पूर्वी बैठ्या घरांची होती. आता तिथे तीन टॉवर उभे आहेत, चौथ्याचं काम चालू आहे, आणि गल्ली तेवढीच आहे. रात्री दहाला चक्कर मारताना दोन्ही बाजूंना गाड्या दिसतात, अग्निशमनची गाडी आत येईल की नाही अशी शंका यावी इतक्या. एके रात्री मी परत येऊन आमच्या तिन्ही मशीन पाहिल्या. तीसपैकी आठ पॅलेट रिकामे होते. त्यातल्या पाच घरांच्या गाड्या मी नुकत्याच बाहेर रस्त्यावर पाहिल्या होत्या. हे वाईट लोक नाहीत. सकाळी दहा मिनिटं वाचतात आणि बाहेरची जागा फुकट आहे, म्हणून ते तिथे लावतात.

जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी घेणाऱ्याला ती ठेवायला जागा आहे याचा दाखला द्यावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायलाही तिथे बंदी आहे. म्हणून टोकियोत अशी मशीन बऱ्याच ठिकाणी दिसतात. दुसरीकडे अमेरिकेतल्या कोलंबस शहराने १९२३ मध्येच अपार्टमेंट बांधणाऱ्यांवर पार्किंगची सक्ती केली, आणि पुढे जगभर शहरांनी तोच रस्ता धरला. पण अमेरिकेतल्याच बफेलो शहराने आणि मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये ती सक्ती काढून टाकली. पार्किंगचा अभ्यास करणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप आयुष्यभर हेच सांगत राहिले की गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते आणि तिच्या जागेचा भार सगळे मिळून उचलतात, ज्यांच्याकडे गाडी नाही तेही. इमारतीत किती जागा आहेत हे मोजून परवानगी मिळते, पण त्या जागा वापरल्या जातात की नाही हे नंतर कुणी बघायला येत नाही. आमची गल्ली त्याची शिक्षा भोगते आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त चालणारे भरडले जातात.

मशीनची बाजूही सांगायला हवी. साध्या पार्किंगमध्ये गाडीची जागा साडेबारा चौरस मीटर असली तरी वळायची वाट धरून एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. आमच्याकडे तेवढ्याच जमिनीवर जवळपास अडीचपट गाड्या उभ्या राहतात, आणि म्हणूनच मागच्या बाजूला मुलांना खेळायला मोकळं अंगण उरलंय. मला ते अंगण हवंय. त्यासाठी रांगेत उभं राहायला माझी तयारी आहे.

जे आता घर बघतायत त्यांनी साइटवर सॅम्पल फ्लॅटच्या आधी पार्किंगचा नकाशा मागावा. एका मशीनवर किती गाड्या, आपला थर कोणता, तो करारात नंबरासकट लिहून मिळेल का, वीज गेल्यावर जनरेटर मशीनला जोडलाय का, रात्री कोण असतं, आणि देखभालीचा करार बिल्डरने सोडल्यावर पुढे कुणाकडे. ही उत्तरं तोंडी घेऊ नका.

आमच्या दुसऱ्या विंगचा ताबा पुढच्या महिन्यात आहे. तिथे सहा रांगांची मशीन बसवली आहेत, म्हणजे एकेका मशीनवर सोळा गाड्या. परवा तिथलं एक जोडपं जागा बघायला आलं होतं, त्यातल्या बायकोचे आठ महिने भरत आलेत. मी त्यांना माझी वही दिली आणि त्यांचा पॅलेट कोणत्या थरात आहे ते आजच लेखी विचारा म्हणाले.